नळीवरचा खोडलेला आकडा

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या सानपाड्याच्या विहाराने एक स्मरणिका काढली. तिच्या अठराव्या पानावर माझ्या वडिलांचे छायाचित्र आहे. अंगात खाकी गणवेश, मागे पावणे गावातल्या कारखान्याचे लोखंडी फाटक आणि खांद्याला ते हत्यार. छायाचित्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खाली छापलेल्या वाक्याबद्दल. 'हवालदार शिवराम यांनी ज्या रायफलीने आघाडीवर शत्रूशी झुंज दिली, ती रायफल पुढे पोलिसांनी जप्त केली असता त्यांच्या सुविद्य चिरंजीवांनी लष्करी दस्तऐवज सादर करून ती सन्मानाने परत मिळवली.' एका वाक्यात तीन असत्ये बसवणे सोपे नाही. माझा चुलतभाऊ नामदेव याला ते पहिल्यापासून साधते. तो या स्मरणिकेचा संपादक आहे आणि माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे. तिसरे असत्य माझ्या फायद्याचे असल्यामुळे मी गप्प बसेन, असे त्याला वाटले असावे. मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. त्या प्रसंगी जे हजर होते त्यांपैकी आज आम्ही दोघेच उरलो आहोत, आणि दोघांपैकी एकाची स्मृती उत्सवप्रिय आहे. म्हणून हे प्रकरण लिहिणे मला भाग पडले.

पावण्याला आम्ही जनाबायच्या चाळीत राहत होतो. जनाबाय आगरी. तिची भातशेती औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर तिने सहा खोल्या बांधून आमच्यासारख्या कोकणातून आलेल्यांना भाड्याने दिल्या होत्या. तिच्या पत्र्यावर बारा महिने काही ना काही वाळत असे, बहुतेक सुकट. खाडीकडून वारा आला की सुकटीचा वास घरात यायचा आणि उलट फिरला की कारखान्यांचा. कोणत्या कारखान्यात आज काय शिजते आहे हे माझी आई नाकाने सांगू शकत असे. दिवसाचे तुकडे घड्याळाने नव्हे, भोंग्यांनी पडत. दुपारचा भोंगा झाला की आई कुळथाची पिठी चुलीवरून उतरवायची, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळायची आणि डबा माझ्या हाती द्यायची. तो घेऊन मी आप्पांच्या कारखान्याच्या फाटकाशी जायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे बंदूकधारी पहारेकरी होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांनी ही नोकरी धरली होती, आणि चाळीतच काय, अख्ख्या पावण्यात त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'हवालदार' म्हणत.

संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर आप्पा लढाईच्या गोष्टी सांगत. बर्फात हत्यार कसे गोठते, नळीत ओल राहिली तर गोळी कशी भरकटते, घाईत भरलेल्या काडतुसाने एका जवानाचा अंगठा कसा नेला. मुले तोंडे उघडी टाकून ऐकत. जनाबाय मध्येच विचारायची, "आनि मग तो दुश्मन कसा दिसतो हो, हवालदार? मानसासारखाच ना?" आप्पा विडी झटकत म्हणायचे, "दुश्मनाकडे बघायला वेळ कोणाला असतो, जनाबाय!" सगळे हसत. त्या गोष्टींत हत्यारे पुष्कळ होती आणि माणसे फार थोडी, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही. मी तेव्हा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला बहुतेक गोष्टी कळतात असा माझा समज होता. तो अजूनही आहे, असे माझी सून म्हणते.

रविवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी आप्पा फाटकाजवळच्या खोलीत हत्यार सफाईला घेत आणि मला मदतीला बसवत. दोरीच्या टोकाला तेलाची चिंधी बांधून ती नळीतून ओढायची. त्या दोरीला फौजेत फुलतरू म्हणतात. "ओढ. एका दमात. मध्ये थांबलास तर बघ," असे ते म्हणत. हत्यार कारखान्याच्या मालकीचे, परवानाही कारखान्याचाच. पण आप्पांनी त्याला ज्या निगुतीने हाताळले त्यावरून ते त्यांच्याच बरोबर सैन्यातून निवृत्त झाले असावे असे कोणालाही वाटले असते. नामदेवला तसे वाटले. पहिले असत्य तिथे उगवले.

त्या वर्षी विहारात 'आपले सैनिक' असे एक छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक शेड होती आणि नामदेव तिचा सर्वेसर्वा होता. तो एके दिवशी घरी आला आणि आईने दिलेला चहा बशीत ओतत म्हणाला, "यशा, तू कॉलेजात जातोस. काकांच्या रायफलीचा इतिहास तू लिहायचा. एकदम डिटेलमध्ये. कुठे बनली, कुठे लढली, सगळं."

"ती आप्पांची नाही, कारखान्याची आहे," मी म्हणालो.

"तेच रे. हातात कोणाच्या आहे?"

आप्पा दारात बूट पुसत होते. ते काही बोलले नाहीत. मी त्याला संमती समजलो.

मी ते काम मनापासून केले, हे मला नोंदवलेच पाहिजे. त्या जातीच्या हत्यारावर त्याचा सारा जन्म कोरलेला असतो. फक्त तो वाचावा लागतो. पातळ कागद धातूवर ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवली की ठसे कागदावर उमटतात. तसे मी दोन रविवार ठसे उतरवले आणि ठाणे शहरातल्या ग्रंथालयात जाऊन एका जाडजूड इंग्रजी ग्रंथातल्या आकृत्यांशी ते ताडून पाहिले. मुठीजवळ मुकुट होता आणि त्याखाली वर्ष. म्हणजे हे हत्यार पहिल्या महायुद्धाच्या काळात विलायतेत जन्मले होते. लाकडी दस्त्यावर हिंदुस्थानच्या लष्करी शस्त्रभांडाराची खूण होती. पण खरा शोध आत होता. नळीच्या आतले वळणदार आटे कोणीतरी कातून सपाट केले होते आणि जिथे दहा गोळ्या बसाव्यात तिथे लाकडाचा एक ठोकळा बसवला होता. ग्रंथात त्याचा उलगडा सापडला. परक्या राज्यकर्त्यांना इथल्या शिपायाच्या आणि पहारेकऱ्याच्या हाती पुरे हत्यार द्यायची भीती वाटे. म्हणून जुन्या रायफली कापूनकोरून त्यांची एकाच वेळी एकच बार उडवणारी, जवळच मारा करणारी बंदूक केली जाई. ज्याला सगळे रायफल म्हणत होते ती रायफल उरलीच नव्हती. हे वाचले त्या दुपारी मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर संतापून बसलो होतो. राग माझा जुना सोबती आहे. त्या दिवशी त्याला प्रथमच एक पुरावा मिळाला.

एक ठसा मात्र वाचता येईना. नळीच्या मुळाशी काळ्या रंगाचा जाड थर बसला होता आणि त्याखाली आकडे असल्याचे बोटाला जाणवत होते. शेजारच्या लेथच्या कारखान्यातून मी पॉलिश पेपरचा तुकडा मागून आणला आणि आप्पा फाटकावर कोणाशी बोलत असताना ती जागा घासून काढली. आई तांब्या घासते तशी ती लखलखली. खाली एक नव्हे, दोन आकडे निघाले. वरच्या आकड्यावर एक तिरकी रेघ ओढलेली होती. खालचा आकडा हत्याराच्या मुख्य अंगावरच्या आकड्याशी जुळत होता. ग्रंथात या रेघेबद्दल काहीच नव्हते. मला तिचा अर्थ लागला नाही, आणि जे मला कळले नव्हते ते मी निबंधात घातले नाही. नामदेवच्या असत्यांचा हिशेब मांडताना माझी ही लबाडी मी लपवून ठेवणार नाही.

दरवर्षी परवान्याचे हत्यार पोलीस ठाण्यात नेऊन दाखवावे लागे. त्या वर्षी ठाण्यात नवे फौजदार आले होते. आप्पा सकाळी हत्यार खांद्याला लावून गेले आणि दुपारच्या भोंग्याला रिकाम्या खांद्याने परतले. जनाबाय ओट्यावर सुकट निवडत होती. तिने वर पाहिले.

"हवालदार, बंदूक कुठं हाय?"

"ठाण्यात."

"कोनी ठेवली?"

आप्पा उत्तर न देता घरात आले. आईने पाणी दिले, ते त्यांनी प्यायले नाही. मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितले. फौजदाराने नळीच्या मुळाशी ताजी घासलेली जागा पाहिली, खोडलेला आकडा पाहिला, आणि म्हटले की ही नळी दुसऱ्या हत्याराची आहे. आकडा नुकताच खोडला आहे. मूळ नळी कुठे गेली आणि ही कोणाकडून आली ते आठ दिवसांत सांगा, नाहीतर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतो. येताना सैन्याचे सेवापुस्तक आणायलाही सांगितले होते. कारखान्याच्या व्यवस्थापकाने निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका म्हणून कळवले होते.

मी म्हणालो, "आप्पा, ती जागा मी घासली."

मार बसेल अशा तयारीने मी उभा होतो. आप्पांनी विचारले, "कितवा कागद?"

"शंभर नंबरचा."

"शंभर?" त्यांचा चेहरा खऱ्या वेदनेने आकसला. "नळीला शंभर नंबरचा जाडा कागद लावतात काय रे, गाढवा?"

आजही मला वाटते की त्या क्षणी त्यांना तुरुंगापेक्षा त्या ओरखड्यांचे दुःख अधिक होते. मी विचारले, "पण ती रेघ कसली? तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "हत्यार बरोबर आहे." एवढेच. आई म्हणाली, "मग पुस्तक दाखवा आणि मोकळे व्हा." आप्पा म्हणाले, "पुस्तक हरवलं." आमच्या घरात काहीही हरवत नसे. घरात हरवण्याइतक्या वस्तूच नव्हत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते नामदेवला माहीत नाही. तो विहारात भाषणे करत होता. 'पोलिसांनी एका वीराचा अपमान केला आहे' असे त्याने फळ्यावर लिहिले. घरी आप्पा रोज ठरल्या वेळी गणवेश चढवत आणि ओट्यावर बसून राहत. गोष्टी बंद झाल्या. भोंगा झाला की उठून उभे राहत आणि मग आपण कुठेच जायचे नाही हे आठवून पुन्हा बसत. चाळीतली मुले लांबून बघत. पिठी शिजायची आणि तशीच राहायची.

तिसऱ्या दिवशी, आप्पा नळावर अंघोळीला गेले असताना, मी त्यांची लोखंडी पेटी उघडली. गणवेशाच्या जुन्या कोटाखाली सेवापुस्तक होते. मी ते वाचले, आणि पुन्हा वाचले. अकरा वर्षे, मध्य हिंदुस्थानातली एक लष्करी कर्मशाळा, एकच गाव. काम: शस्त्रदुरुस्ती, नळ्यांवर आकडे ठोकणे. आघाडीच्या नेमणुकीचा रकाना कोरा होता. पुस्तकाखाली तेलकट फडक्यात एक बोचके होते. सोडले तर आत पोलादाचे दहा ठसे निघाले, शून्यापासून नऊपर्यंत, डोकी ठोकून ठोकून पसरलेली, टोके झिजलेली. ज्या माणसावर आकडा खोडल्याचा आळ आहे त्याच्या पेटीत आकडे कोरायची अवजारे. मी ती तशीच हातात धरून बसलो होतो. मागे आई उभी होती.

"बघितलंस?"

"तुला माहीत होतं?"

"नवरा कुठून पत्र टाकतो ते बाईला कळतं. पाकिटावर अकरा वर्षं एकाच गावचा शिक्का."

"मग बोलली का नाहीस?"

आई खाली बसली. "गावात त्यांना काय म्हणायचे ते तू ऐकलं नाहीस. 'ए शिवऱ्या, इकडं ये, गुरं हाक.' सुट्टीवर पहिल्यांदा गणवेशात आले, तेव्हा त्याच लोकांनी विचारलं, लढाईवर होतास काय? ते हो म्हणाले. त्या दिवसापासून हवालदार झाले. नंबर ठोकत होतो म्हणाले असते तर कोण हवालदार म्हणालं असतं?"

दुसऱ्याच दिवशी एक शिपाई चौकशीला आला. आप्पा फाटकावर पगाराचे विचारायला गेले होते. शिपायाला पाहताच आईने ते बोचके उचलले आणि मागच्या दाराने जनाबायच्या हातात दिले. शिपायाने पेटी उघडली, कोट हलवला, चुलीमागे पाहिले. सेवापुस्तक माझ्या सदऱ्याच्या आत होते. मग तो ओट्यावर आला. जनाबाय सुकटीची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती.

"यात काय आहे?"

"हात घालून बघ ना, बाला. घाल, कोपरापरत घाल. तुझी बायको आठ दिस तुला घरात घेनार नाय."

शिपाई नाकाला रुमाल लावून दोन पावले मागे सरला. "राहू दे, राहू दे. तुमची मस्करी नको आपल्याला."

"मस्करी कसली? खायची वस्तू हाय. ने ना वाटीभर." त्याने खरोखरच वाटीभर नेली. ठसे टोपलीत त्या वाटीच्या बोटभर खाली होते.

नामदेव सांगतो की ते ठसे त्याने स्वतः खाडीत बुडवले. त्याला ते होते हेच आठव्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी आप्पांनी जुना कोट घातला, बूट दोनदा पुसले आणि ओट्यावर जाऊन जनाबायपुढे हात केला. "ते बोचकं द्या."

जनाबाय माझ्या आईकडे पाहू लागली. आईने मान डोलावली. मी म्हणालो, "आप्पा, ते नेऊ नका. ते बघितलं तर आत टाकतील." त्यांनी बोचके कोटाच्या खिशात घातले आणि चालू लागले. मी मागोमाग. सेवापुस्तक माझ्या सदऱ्यात छातीशी होते. माझा बेत ठरलेला होता: वेळ आली की ते फौजदाराच्या पुढ्यात ठेवायचे. आप्पांना न विचारता. त्यांची सुटका त्यातच होती, आणि ती त्यांच्यावर लादायचा अधिकार मला आहे असे मी मानत होतो. पण त्यात काय मोडणार आहे तेही मला दिसत होते, कारण ठाण्याच्या पायऱ्यांवर नामदेव विहारातल्या चौघांना घेऊन उभा होता. त्यांच्या हाती कापडी फलक होता. 'जयभीम, काका,' तो म्हणाला. 'आम्ही आहोत.' आणि सगळे आत आले.

हत्यार फौजदाराच्या टेबलावर आडवे ठेवले होते. घासलेली जागा खिडकीच्या उजेडात चमकत होती.

"बोला, हवालदार. नळी कोणाची?"

"याच हत्याराची, साहेब. मूळची दुसऱ्या अंगावर होती. आटे कातल्यावर या अंगाला बसवली. तेव्हा जुना आकडा खोडला आणि या अंगाचा ठोकला."

"कधी?"

"फार वर्षांपूर्वी. सरकारी कर्मशाळेत."

"आणि चमकते कशी?"

"ते माझ्या मुलाने घासलं. रेघ त्याने मारली नाही. टाचणी द्या, साहेब."

फौजदाराने कागदांच्या गठ्ठ्यातून एक टाचणी काढून पुढे केली. आप्पांनी तिचे टोक रेघेच्या खाचेत घातले, हळूच ओढले आणि कोऱ्या कागदावर पुसले. कागदावर काळी, वाळलेली रेषा उमटली. "पॉलिश पेपर वरवर फिरतो. खाचेच्या तळाला पोचत नाही. रेघ आठ दिवसांची असती तर तळ पांढरा असता. हा मळ जुना आहे."

फौजदाराने स्वतः टाचणी फिरवून पाहिली. मग त्याने मान वर केली. "हे तुम्हाला कसं ठाऊक? फाटकावरच्या माणसाला?"

नामदेव पुढे सरसावला. "साहेब, काका आघाडीवर लढलेले आहेत. ज्याने असल्या रायफलीने शत्रू पाडले त्याला..."

"नामदेव, थांब," आप्पा म्हणाले.

त्यांनी बोचके काढून टेबलावर सोडले. सुकटीचा वास खोलीभर पसरला. फौजदार ठशांकडे पाहून अर्धवट उठला. "हे तुमच्या घरात होते?"

"होते. झिजले म्हणून निघताना मला दिले. मी अकरा वर्षं नळ्यांवर नंबर ठोकले, साहेब. हवालदार त्याचाच झालो. आघाडीवर मी गेलो नाही. एक दिवसही नाही."

नामदेवच्या हातातला फलक कलला. मी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. पाहायला हवे होते.

"सेवापुस्तक?"

"आहे. हरवलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मुलाच्या सदऱ्यात आहे."

बोचक्यासारखेच हेही त्यांना ठाऊक होते. केव्हापासून, ते मला कधी कळले नाही. आणि इथे मी नामदेवचे तिसरे असत्य खोडून काढतो: मी दस्तऐवज सादर केला नाही. आठ दिवस घोकलेला तो प्रसंग समोर आला आणि माझा हात वर उठेना. आप्पांनीच माझ्या सदऱ्याचे वरचे बटण काढले, पुस्तक बाहेर घेतले आणि बटण पुन्हा लावले, मी बालवाडीत जात असताना लावत तसे.

फौजदाराचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने कडीकोयंड्याची एक लोखंडी पट्टी आणि हातोडी मागवली. "ठोकून दाखवा." आप्पा खाली मांडी घालून बसले. एकेक ठसा न पाहता, न चाचपडता उचलला. चार आकडे, एका रेषेत, एकेका ठोक्यात. मग ठशाच्या कडेने तिरकी रेघ. मग खाली दुसरे चार आकडे. "जुना नंबर खोडायचा तो वाचता येईल असा खोडायचा," ते काम करताकरताच सांगत होते. "घासून काढला तर आमच्यावरच खटला. नळी आधी कुठं होती ते पुढच्याला कळलं पाहिजे." मग हत्यारावरच्या रेघेकडे बोट करून म्हणाले, "ही रेघ माझी नाही. माझी उजवीकडे झुकते. पण रीत हीच."

फौजदाराने पट्टी आणि नळी शेजारी धरून पाहिली आणि कागदावर सही केली. त्याने उठून सलाम ठोकला असे नामदेव भाषणात सांगतो. तो उठला हे खरे. त्याने उठून पंखा लावला. वासासाठी.

परतताना विहाराची मंडळी पुढे चालत होती, फलकाची गुंडाळी करून. नामदेवही. आम्ही दोघे मागे. हत्यार आप्पांच्या खांद्याला होते आणि लोखंडी पट्टी माझ्या हातात. त्या रविवारी त्यांनी काळ्या रंगाची डबी आणि बारीक कुंचला माझ्यापुढे ठेवला. "लाव. पातळ. आकडे बुजले तर बघ." ओट्यावर त्यांनी पुन्हा गोष्ट सांगितली नाही. जनाबाय मात्र अखेरपर्यंत हवालदारच म्हणत राहिली, आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने. विहाराच्या प्रदर्शनात त्यांचे छायाचित्र लागले नाही. माझा निबंधही नाही. ज्याला त्या वर्षी भिंतीवर चढू दिले नाही, त्याला नामदेवने आता अठराव्या पानावर चढवले आहे, लढलेला करून.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. तोही सानपाड्यातच, दोन सोसायट्या सोडून राहतो. ती पट्टी मी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने चष्मा लावून पाहिली, अंगठा फिरवला.

"यशा, लोकांना लढलेला माणूस पाहिजे असतो रे."

"तू तिथे होतास. त्यांनी काय सांगितलं ते तू ऐकलंस."

"ऐकलं. म्हणूनच." त्याने पट्टी माझ्याकडे सरकवली. "त्या दिवशी मी पुढे चालत आलो. काकांच्या बरोबर चाललो नाही. वाटलं, आता तरी त्यांना पुढं काढावं."

हे मी अपेक्षिले नव्हते. मी भांडायला गेलो होतो आणि माझी वाक्ये तयार होती. त्यांतले एकही उपयोगी पडले नाही.

"उरलेल्या प्रती कुठे आहेत?" मी विचारले.

"विहारात. दोन गठ्ठे. म्हणशील तर त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवतो. दिसणारच नाही."

"चिकटवायची नाही. झाकायची नाही."

आम्ही विहारात सतरंजीवर बसलो, म्हातारी माणसे बसतात तसे, एकमेकांच्या आधाराने. नामदेव एकेक प्रत अठराव्या पानावर उघडून पुढे करत होता. मी काळ्या पेनाने त्या वाक्यावर एक तिरकी रेघ ओढत होतो, खालची अक्षरे वाचता येतील अशी, आणि तिच्याखाली लिहीत होतो: 'शिवराम. लष्करी कर्मशाळेत अकरा वर्षे नळ्यांवर आकडे ठोकले. आघाडीवर गेले नाहीत. हे त्यांनी स्वतः सांगितले.' पहिला गठ्ठा संपत आला तेव्हा नामदेव थांबला आणि पान उजेडाकडे वळवून पाहू लागला.

"तुझी रेघ उजवीकडे झुकते रे."

"झुकू दे," मी म्हणालो. "पुढची प्रत दे."